जनुकसंस्कारित सूक्ष्मजीव, लष्करी संशोधन आणि शासकीय देखरेख : अमेरिकेतील अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जीवशास्त्राला जे नवे सामर्थ्य प्राप्त झाले, त्यात जनुकीय अभियांत्रिकीचे स्थान सर्वांत वरचे आहे. एका सजीवाचे जनुक दुसऱ्या सजीवात घालता येऊ लागले आणि त्यातून मधुमेहींसाठी मानवी इन्शुलिन, हिपॅटायटिस-बीची लस, पिकांच्या नव्या जाती अशी अनेक फळे मिळाली. परंतु जे तंत्र जंतूला औषध तयार करावयास लावते, तेच तंत्र जंतूला अधिक घातकही करू शकते. अशा वेळी लष्कराच्या प्रयोगशाळेत काय चालते, याची विचारपूस कोणी करावयाची, हा प्रश्न उभा राहतो. तो शास्त्राइतकाच राज्यकारभाराचाही प्रश्न आहे.

या प्रश्नाचा सर्वांत सविस्तर लेखी पुरावा अमेरिकेत उपलब्ध आहे. तेथील न्यायालयांचे निकाल, संसदीय सुनावण्या आणि शासकीय अहवाल यांमुळे गेल्या अर्धशतकाचा हा इतिहास बऱ्याच अंशी तपासता येतो. प्रस्तुत लेखात त्या अनुभवाचा कालानुक्रमे आढावा घेतला असून शेवटी भारतातील व्यवस्थेचा थोडक्यात विचार केला आहे. शास्त्रज्ञांची समिती, आंतरराष्ट्रीय करार, न्यायालय आणि संसद या चारही यंत्रणांनी आपापल्या परीने देखरेख केली. तथापि संशोधनाचा हेतू तपासण्याचे काम मात्र कोणत्याही एका यंत्रणेकडे पूर्णपणे सोपविले गेले नाही, असे या आढाव्यातून दिसून येते.

संरक्षण आणि आक्रमण यांमधील धूसर रेषा

अमेरिकेचा जैविक शस्त्रांचा कार्यक्रम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला. मेरीलँड राज्यातील फोर्ट डेट्रिक हे त्याचे प्रमुख केंद्र होते. २५ नोव्हेंबर १९६९ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी जैविक शस्त्रांचा त्याग जाहीर केला आणि यापुढचे संशोधन केवळ संरक्षणापुरते राहील असे सांगितले. फेब्रुवारी १९७० मध्ये हाच निर्णय जीवजन्य विषांनाही लागू करण्यात आला.

या निर्णयाच्या अंमलबजावणीसाठी जो अंतर्गत आदेश निघाला, त्यात एक महत्त्वाची सवलत होती. संरक्षणाचे कोणते उपाय आवश्यक आहेत हे ठरविण्यापुरते जंतूंच्या आक्रमक बाजूचे संशोधन करण्यास मोकळीक ठेवण्यात आली होती. ही सवलत तर्काला धरून होती. विषाची ओळख नसेल तर उतारा शोधता येत नाही. परंतु किती संशोधन ‘आवश्यक’ आणि त्यापुढचे किती ‘अनावश्यक’, हे ठरविणार कोण? संशोधन करणारे खातेच ते ठरविणार असेल तर त्या मर्यादेला अर्थ उरत नाही.

१० एप्रिल १९७२ रोजी स्वाक्षरीसाठी खुला झालेला आणि २६ मार्च १९७५ रोजी अमलात आलेला जैविक शस्त्रबंदी करारही याच वळणाने गेला. त्याच्या पहिल्या कलमाने जंतू बाळगण्यास सरसकट बंदी केली नाही. रोगप्रतिबंध, संरक्षण किंवा अन्य शांततामय कारणांसाठी समर्थनीय ठरणार नाहीत अशा प्रकारचे व अशा प्रमाणातील जंतू आणि विषे यांवर बंदी आहे. म्हणजे कसोटी वस्तूची नसून हेतूची व प्रमाणाची आहे. असे असूनही हेतू तपासण्यासाठी करारात पाहणीची अथवा पडताळणीची कोणतीही यंत्रणा ठेवली गेली नाही.

आदेश निघाला म्हणजे त्याचे पालन झाले, असे गृहीत धरता येत नाही, हेही लवकरच दिसून आले. १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीपुढे उघड झाले की, निक्सन यांच्या आदेशानंतरही केंद्रीय गुप्तचर संस्थेकडे शिंपल्यांपासून मिळविलेल्या विषाचा सुमारे ११ ग्रॅम साठा शिल्लक होता. १९७७ मध्ये लष्करानेच सिनेटपुढे मान्य केले की १९४९ ते १९६९ या काळात जैविक युद्धाच्या अभ्यासासाठी उघड्यावर २३९ चाचण्या झाल्या होत्या. १९५० मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरावर ‘सेराटिया’ जातीच्या जिवाणूंचा फवारा सोडण्यात आला होता आणि नागरिकांना त्याची काहीही कल्पना नव्हती. या चाचणीमुळे आपला आप्त दगावला असे म्हणणाऱ्या एका कुटुंबाचा नुकसानभरपाईचा दावा १९८१ मध्ये न्यायालयाने फेटाळला. देखरेख नसण्याची किंमत काय असू शकते, याची जाणीव अमेरिकन जनतेला या दोन चौकशांनी करून दिली.

असिलोमार परिषद : सुरक्षिततेचा विचार, हेतूचा नव्हे

याच सुमारास जनुकीय अभियांत्रिकीचा जन्म होत होता. १९७३ मध्ये स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी जिवाणूत परके जनुक घालून ते वाढविता येते हे दाखवून दिले. १९७४ मध्ये पॉल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात पत्र लिहून काही प्रकारचे प्रयोग तूर्त थांबवावेत असे आवाहन केले. शास्त्रज्ञांनी स्वतःहून आपल्या संशोधनाला लगाम घालण्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय.

फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे सुमारे दीडशे तज्ज्ञ एकत्र आले. अपघाताने एखादा जंतू प्रयोगशाळेबाहेर गेला तर काय, या प्रश्नावर तेथे खोलवर चर्चा झाली आणि धोक्याच्या प्रमाणात बंदोबस्त हे तत्त्व मान्य झाले. जैविक शस्त्रांचा विषय मात्र परिषदेच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आला. विषय आटोपशीर राहावा हा संयोजकांचा उद्देश असेल; परंतु त्याचे परिणाम दूरगामी झाले. असिलोमारच्या परिषदेनंतर अवघ्या महिन्याभराने शस्त्रबंदी करार अमलात आला. एकीकडे अपघाताचा विचार आणि दुसरीकडे शस्त्राचा विचार असे दोन स्वतंत्र प्रवाह निर्माण झाले आणि पुढे कित्येक वर्षे ते एकमेकांना भेटले नाहीत.

राष्ट्रीय आरोग्य संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे

२३ जून १९७६ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने पुनःसंयोजित डीएनए संशोधनासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांच्या अंमलबजावणीत सल्ला देण्यासाठी एक तज्ज्ञ समिती होती आणि प्रत्येक संशोधन संस्थेत जैवसुरक्षा समिती नेमण्याची पद्धत पुढे रूढ झाली. ही तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. अनुदानाची अट म्हणून ती बंधनकारक होती. खाजगी कंपन्या ती स्वेच्छेने पाळत असत आणि संरक्षण खात्यानेही ती पाळण्याचे मान्य केले होते. १९७८ पासून पुढे अनुभव वाढत गेला तशी ही बंधने टप्प्याटप्प्याने सैल करण्यात आली.

१९८२ मध्ये रिचर्ड गोल्डस्टाइन आणि रिचर्ड नोविक या दोन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी समितीपुढे एक साधी सूचना मांडली. पुनःसंयोजित डीएनए तंत्राने जैविक शस्त्र तयार करण्यास या तत्त्वांमध्येच स्पष्ट मनाई असावी, असे त्यांचे म्हणणे होते. समितीने ही सूचना स्वीकारली नाही. १९७२ च्या करारात हा विषय आलेलाच आहे, अशी भूमिका घेण्यात आली. करारात तो आला होता हे खरे. पण करारात तपासणी नव्हती आणि समितीकडे जी तपासणी होती तिच्या कक्षेत हा विषय येऊ दिला गेला नाही. पुढील घटनांचे मूळ या निर्णयात शोधता येते.

डगवे खटला : पर्यावरण कायद्याचा आधार

१९८० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत जैविक संरक्षण संशोधनावरील खर्च काही पटींनी वाढला. सोव्हिएत संघ जनुकीय तंत्राचा शस्त्रांसाठी वापर करीत आहे, असा अमेरिकी शासनाचा संशय होता. १९८४ मध्ये लष्कराने युटा राज्यातील डगवे चाचणी क्षेत्रात नवी प्रयोगशाळा बांधण्यासाठी निधी मागितला. हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या रूपातील घातक जंतूंवर तेथे प्रयोग व्हावयाचे होते. हे तेच डगवे, जिच्या शेजारच्या खोऱ्यात १९६८ मध्ये मज्जातंतूंवर परिणाम करणाऱ्या वायूच्या चाचणीनंतर हजारो मेंढ्या मरण पावल्या होत्या.

जेरेमी रिफकिन यांच्या ‘फाउंडेशन ऑन इकॉनॉमिक ट्रेंड्स’ या संस्थेने संरक्षण मंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांच्याविरुद्ध वॉशिंग्टनच्या न्यायालयात दावा दाखल केला. जैविक शस्त्रबंदीचा मुद्दा न्यायालयात टिकणे अवघड होते. संरक्षण धोरणात न्यायालये सहसा हात घालीत नाहीत. म्हणून वादींनी १९६९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याचा आधार घेतला. या कायद्यानुसार कोणत्याही मोठ्या शासकीय प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करून तो लोकांपुढे ठेवावा लागतो आणि संरक्षण खातेही त्यातून सुटत नाही. मे १९८५ मध्ये न्यायाधीश जॉइस हेन्स ग्रीन यांनी लष्कराने केलेला पर्यावरणीय विचार अपुरा असल्याचा निर्णय देऊन बांधकामास मनाई केली.

त्यानंतर याच संस्थेने संपूर्ण जैविक संरक्षण संशोधन कार्यक्रमाचा पर्यावरणीय अहवाल मागणारा दुसरा दावा केला. १९८७ मध्ये तडजोड होऊन लष्कराने असा अहवाल तयार करण्याचे मान्य केले आणि १९८९ मध्ये तो अंतिम स्वरूपात प्रसिद्ध झाला. कोणत्या विद्यापीठांत, कोणत्या कंपन्यांत आणि कोणत्या शासकीय प्रयोगशाळांत हे काम चालते, हे सामान्य नागरिकाला एकत्रितपणे कळण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. डगवेची योजनाही बदलली. सर्वोच्च म्हणजे चौथ्या सुरक्षा स्तराऐवजी तिसऱ्या स्तराची प्रयोगशाळा करण्याचे १९८८ मध्ये ठरले. त्याच वर्षी सिनेटर कार्ल लेव्हिन यांच्या उपसमितीने संरक्षण खात्याच्या रासायनिक व जैविक संशोधनातील सुरक्षाव्यवस्थेवर सुनावणी घेऊन अनेक उणिवा पुढे आणल्या.

या खटल्याचे महत्त्व दुहेरी आहे. लष्करी प्रयोगशाळेला न्यायालयात उत्तर द्यावे लागले, हे त्याचे यश. परंतु उत्तर द्यावे लागले ते इमारतीबद्दल, हवा-पाण्याबद्दल आणि अपघाताबद्दल. आत चालणारा प्रयोग संरक्षणासाठी आवश्यक आहे काय, हा प्रश्न न्यायालयापुढे आलाच नाही. १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जैविक शस्त्रे दहशतवादविरोधी कायद्यावर स्वाक्षरी केली आणि जैविक शस्त्र बाळगणे हा देशांतर्गत कायद्यानेही गुन्हा ठरला. त्यातही संरक्षणात्मक व शांततामय हेतूंचा अपवाद कायम राहिला.

सोव्हिएत संघ : देखरेखीच्या अभावाचे उदाहरण

अमेरिकेतील देखरेख अपुरी होती असे म्हणताना, ती मुळीच नसेल तर काय घडते तेही पाहणे आवश्यक आहे. सोव्हिएत संघ १९७२ च्या कराराचा एक प्रमुख पुरस्कर्ता होता. असिलोमार परिषदेस सोव्हिएत शास्त्रज्ञही उपस्थित होते. तरीही १९७४ मध्ये ‘बायोप्रेपरात’ ही संघटना नागरी औषधनिर्मितीच्या आवरणाखाली स्थापन झाली आणि मॉस्कोजवळील ओबोलेन्स्क व सैबेरियातील कोल्त्सोवो येथे तिच्या मोठ्या संस्था उभ्या राहिल्या.

एप्रिल १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरातील लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे जिवाणू हवेत मिसळून किमान ६० हून अधिक नागरिक मरण पावले. दूषित मांसामुळे साथ आली असे शासन तेरा वर्षे सांगत राहिले. १९८९ मध्ये व्लादिमिर पासेचनिक आणि १९९२ मध्ये केन अलिबेक हे वरिष्ठ शास्त्रज्ञ पाश्चात्त्य देशांत गेले, तेव्हा या कार्यक्रमाची व्याप्ती उघड झाली. १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी स्वेर्दलोव्स्कच्या घटनेमागे लष्कर असल्याचे मान्य केले. वृत्तपत्र, न्यायालय आणि स्वतंत्र संसद यांपैकी काहीच नसलेल्या व्यवस्थेत, मृत्यूचे खरे कारण मृतांच्या कुटुंबांनाही कळू शकले नाही.

तीन गुप्त प्रकल्प

१९९७ मध्ये ओबोलेन्स्कच्या शास्त्रज्ञांनी ‘व्हॅक्सिन’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अँथ्रॅक्सच्या जिवाणूत दुसऱ्या जिवाणूची जनुके घातली असता, रशियन लस दिलेल्या प्राण्यांनाही संरक्षण मिळाले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. अमेरिकी सैनिकांना दिली जाणारी लस या जिवाणूपुढे टिकेल काय, अशी चिंता निर्माण झाली. अमेरिकेने रशियाकडे नमुना मागितला. तो मिळाला नाही. तेव्हा संरक्षण गुप्तवार्ता संस्थेने तो जिवाणू स्वतःच तयार करण्याची योजना आखली. तिचे नाव ‘प्रोजेक्ट जेफरसन’.

४ सप्टेंबर २००१ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या योजनेसह आणखी दोन प्रकल्पांची माहिती छापली. ‘क्लिअर व्हिजन’ प्रकल्पात गुप्तचर संस्थेने सोव्हिएत जैविक बाँबच्या नमुन्याची प्रतिकृती तयार केली होती. ‘बाकस’ प्रकल्पात नेव्हाडा येथे बाजारात मिळणाऱ्या साहित्यातून जंतूनिर्मितीचा छोटा कारखाना उभा करता येतो काय, हे निरुपद्रवी जिवाणू वापरून पाहिले गेले. हे सर्व संरक्षणासाठीच आहे आणि करारात बसते, असे शासनाचे म्हणणे होते.

हे म्हणणे सर्वस्वी चुकीचे ठरविता येत नाही. परंतु दोन गोष्टी दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. पहिली अशी की, करारातील सदस्य राष्ट्रांनी परस्परविश्वासासाठी दरवर्षी माहिती देण्याची पद्धत १९८७ पासून सुरू झाली होती आणि १९९१ नंतर तीत संरक्षण संशोधनाचाही समावेश होता. हे प्रकल्प त्या माहितीत नव्हते. दुसरी अशी की, त्यांची वैधता ज्यांनी तपासली ते त्याच खात्यांचे विधी अधिकारी होते. अन्य एखाद्या राष्ट्राने गुप्तपणे लसीला न जुमानणारा जिवाणू आणि बाँबची प्रतिकृती केली असती, तर तिच्याकडे संरक्षण म्हणून पाहिले गेले असते काय, असा प्रश्न अनेक शस्त्रनियंत्रण तज्ज्ञांनी विचारला. योगायोग असा की, या बातमीच्या जेमतेम सहा आठवडे आधी, जुलै २००१ मध्ये, कराराला पडताळणीची जोड देणाऱ्या प्रारूपास अमेरिकेने जिनिव्हात नकार दिला होता.

२००१ नंतरचा काळ

ऑक्टोबर २००१ च्या सुमारास टपालातून पाठविलेल्या अँथ्रॅक्सच्या पत्रांमुळे अमेरिकेत ५ जण मृत्युमुखी पडले व १७ जण आजारी झाले. २००८ मध्ये तपासयंत्रणेने फोर्ट डेट्रिक येथील लष्करी संस्थेतील एका शास्त्रज्ञाला यासाठी जबाबदार धरले. खटला उभा राहण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला आणि केवळ वैज्ञानिक पुराव्यावरून जंतूंच्या उगमाविषयी निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, असे राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पाहणीने २०११ मध्ये नमूद केले. धोका बाहेरून येईल या भीतीने ज्या प्रयोगशाळांचा खर्च वाढला, त्यांपैकीच एकीकडे तपासाचे बोट वळले, ही या प्रकरणातील बोचरी बाब आहे.

याच काळात नागरी संशोधनातही नवे प्रश्न आले. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांना उंदरांच्या देवीच्या विषाणूत एक जनुक घातल्यावर तो अनपेक्षितपणे अधिक घातक झाल्याचे आढळले. २००२ मध्ये एकार्ड विमर यांच्या गटाने पोलिओचा विषाणू रासायनिक पद्धतीने तयार केला. त्या कामास अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचे अर्थसाह्य होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने, जेराल्ड फिंक यांच्या अध्यक्षतेखाली, काळजी घेण्यासारख्या सात प्रकारच्या प्रयोगांची यादी केली. तिच्या शिफारशींनुसार २००४ मध्ये जैवसुरक्षेसाठी राष्ट्रीय विज्ञान सल्लागार मंडळ स्थापन झाले. असिलोमारला बाजूला ठेवलेला प्रश्न तीस वर्षांनी का होईना, शास्त्रज्ञांच्या टेबलावर आला.

पुढील धोरणे २०१२, २०१७ आणि २०२४ मध्ये आली. मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने धोकादायक संशोधनावर नवे निर्बंध घालून २०२४ चे धोरण बदलण्यास सांगण्यात आले. धोरणे अशी वारंवार बदलत असताना प्रयोगशाळांतील चुका थांबल्या नाहीत. २०१५ मध्ये डगवे येथून निष्क्रिय समजून पाठविलेल्या अँथ्रॅक्सच्या नमुन्यांत जिवंत जिवाणू असल्याचे उघड झाले. हे नमुने अनेक राज्यांत व काही परदेशांतही गेले होते. २०१९ मध्ये सांडपाण्याच्या निर्जंतुकीकरणातील त्रुटींसह अन्य कारणांमुळे फोर्ट डेट्रिकच्या लष्करी संस्थेतील घातक जंतूंवरील काम काही काळ बंद ठेवावे लागले. हे काम बंद करण्याचा आदेश नागरी आरोग्य यंत्रणेने लष्करी संस्थेला दिला, ही गोष्ट मात्र देखरेखीच्या दृष्टीने आश्वासक म्हटली पाहिजे.

भारतीय संदर्भ

भारतात या विषयावर संसदीय देखरेखीचा एक जुना प्रसंग आहे. १९७५ मध्ये लोकसभेच्या लोकलेखा समितीने आपल्या १६७ व्या अहवालात परदेशी सहभागाने चालणाऱ्या संशोधन प्रकल्पांची झडती घेतली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा स्थलांतरित पक्ष्यांचा अभ्यास, ज्यास अमेरिकी लष्कराचा पैसा मिळाला होता, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने चालणारा डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प, हे दोन्ही तीत होते. जमणारी माहिती जैविक युद्धास उपयोगी पडू शकते, अशी शंका समितीने व्यक्त केली. आरोग्य संघटनेने आरोप नाकारले. पण डासांचा प्रकल्प त्याच वर्षी बंद झाला. शंका बरोबर होती की अवाजवी, यावर मतभेद आहेत. तरी पैसा कोणाचा व माहिती कोणाकडे जाते, हा प्रश्न लोकप्रतिनिधींनी विचारला, हे लक्षणीय आहे.

भारताने १९७४ मध्ये जैविक शस्त्रबंदी कराराला मान्यता दिली. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ मध्ये घातक सूक्ष्मजीव व जनुकसंस्कारित सजीवांविषयीचे नियम झाले. त्यांनुसार संस्थेच्या पातळीवर जैवसुरक्षा समिती, जैवतंत्रज्ञान विभागातील जनुकीय पुनरावलोकन समिती आणि पर्यावरण मंत्रालयातील जनुकीय अभियांत्रिकी समिती अशी उतरंड आहे. अमेरिकेतील तत्त्वे अनुदानाची अट होती, तर भारतातील नियमांना कायद्याचे बळ आहे, हा फरक ध्यानात घ्यावा. २००५ च्या सामूहिक संहारशस्त्र कायद्याने जैविक शस्त्रनिर्मिती हा गुन्हा ठरविला.

जैविक संरक्षणाचे भारतातील महत्त्वाचे केंद्र म्हणजे ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन व विकास आस्थापना. रोगजंतू ओळखण्याच्या चाचण्या हे तिचे परिचित काम असून १९९४ च्या प्लेगच्या वेळी रोगनिदानात तिचा सहभाग होता. ती ज्या संरक्षण संशोधन व विकास संघटनेचा भाग आहे, ती माहितीचा अधिकार कायदा, २००५ च्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्या कायद्यातून सामान्यतः वगळलेली आहे. भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरताच अपवाद आहे. संरक्षणाच्या दृष्टीने काही गुप्तता अपरिहार्य आहे. परंतु डगवेसारखा प्रश्न येथे उद्भवल्यास नागरिकाला उपलब्ध मार्ग अरुंद आहेत, हे यावरून कळते.

समारोप

अमेरिकेच्या पन्नास वर्षांच्या अनुभवातून काही निष्कर्ष निघतात. समितीने अपघात पाहिला, न्यायालयाने पर्यावरण पाहिले, संसदेने खर्च व सुरक्षा पाहिली आणि कराराने शस्त्र पाहिले. हेतू हा या सर्वांच्या मधल्या जागेत राहिला व तो ठरविण्याचा अधिकार बहुतांशी संबंधित खात्याकडेच राहिला. दुसरे असे की, देखरेखीचा जो काही परिणाम झाला तो माहिती उघड झाल्यावरच झाला. चर्च समिती, डगवेचा अहवाल आणि २००१ ची बातमी या तिन्ही प्रसंगी हेच घडले. तिसरे असे की, गुप्तता शत्रूपासून माहिती लपविते, त्याचबरोबर मित्रराष्ट्रांच्या व स्वकीयांच्या मनात संशयही निर्माण करते. त्या संशयातून दुसरे राष्ट्रही तोच मार्ग धरते, हे सोव्हिएत व अमेरिकी कार्यक्रमांच्या परस्परसंबंधावरून दिसते.

आज जैवतंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम लहान शहरांतील महाविद्यालयांतही चालतात आणि तेथील विद्यार्थी उद्या शासकीय, खाजगी व संरक्षण प्रयोगशाळांत काम करणार आहेत. त्यांना जनुक जोडण्याचे तंत्र शिकविले जाते. त्याबरोबर हा इतिहासही शिकविला गेला पाहिजे. संस्थेतील जैवसुरक्षा समितीची बैठक ही केवळ कागदोपत्री पूर्तता राहणार की प्रश्न विचारण्याची जागा होणार, हे तेथे बसणाऱ्या शिक्षकांच्या जाणकारीवर अवलंबून आहे. १९८२ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी विचारलेला प्रश्न त्या वेळी बाजूला ठेवला गेला, पण तो नोंदला गेला आणि पुढच्या पिढीला त्याकडे परत यावे लागले. असे प्रश्न वेळीच विचारणारी माणसे तयार करणे, हे शिक्षणसंस्थांचे काम आहे.